शिसं मुकं, कांसं बोलकं

माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी पंढरपूरकडे निघते, तेव्हा टाळ विकत घेणारा वारकरी चकाकीकडे बघत नाही. टाळ एकमेकांवर आपटतो आणि नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐकतो. आवाज बद्द आला की टाळ दुकानदाराकडे परत. ओतताना आत हवा अडकलेली असते किंवा केसासारखी चीर गेलेली असते. डोळा फसतो, पण कान फसत नाही.

ओतकामाची सगळी कटकट याच आतल्या दोषांची. शिशाच्या गोळीपासून पन्नास टनी तोफेपर्यंत तिचं स्वरूप फारसं बदलत नाही.

पालखीच्या वाटेवरच्या याच माळशिरस तालुक्यात नीरेकाठी अकलूजचा किल्ला आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. त्या काळच्या फौजांचा भरवसा तोड्याच्या बंदुकीवर आणि तिच्या शिशाच्या गोळीवर. प्रत्येक बंदुकीच्या नळीचं माप थोडं वेगळं, त्यामुळे गोळीचा साचाही त्या मापाचाच लागे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे त्याला भट्टीसुद्धा नको, साधा विस्तव पुरतो. पण वितळलं म्हणजे गोळी जमली असं नाही. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, कारण आधी आलेलं शिसं गोठतं आणि मागून आलेलं त्याच्याशी एकजीव होत नाही. शिसं किंवा साचा जास्त तापला तर गोळीचा पृष्ठभाग रवाळ, पांढुरका होतो. वरची मळी काढली नाही तर ती आत जाऊन बसते. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर वाफ होऊन शिसं थेट अंगावर उसळतं. थोडं कथील मिसळलं तर साच्याचे कानेकोपरे नीट भरतात.

हे दोष निदान दिसतात तरी. न दिसणारा दोष म्हणजे पोटातली पोकळी. शिसं गोठताना आकसतं, वरून भर मिळाली नाही तर आत खळगा राहतो, आणि अशी एका अंगाला हलकी गोळी भलतीकडेच जाते. टाळासारखी ती वाजवून पाहता येत नाही, कारण शिसं मुकं. त्याच्यासाठी तराजूच हवा: एकाच साच्यातल्या गोळ्यांत जी हलकी भरेल, ती पुन्हा भांड्यात. (आज हा उद्योग घरी करू नये. शिशाचा धूर आणि धूळ विषारी आहे, आणि विनापरवाना गोळ्या बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.)

तोफ ओतताना चूक झाली तर ती अशी भांड्यात परत टाकता येत नाही. ऑक्टोबर १५२६ मध्ये आग्ऱ्याला उस्ताद अली कुली मोठी तोफ ओतत होता आणि खुद्द बाबर ते बघायला गेला होता. साच्याभोवती आठ भट्ट्या होत्या. तोंडं उघडली, रस पाण्यासारखा धावला आणि साचा भरायच्या आधीच एकेक भट्टी आटली. उस्ताद इतका खजील झाला की उकळत्या धातूत उडी टाकायला निघाला. बाबराने त्याची समजूत काढली, मानाचा पोशाख दिला. दोनेक दिवसांनी साचा फोडला तर गोळ्याची नळी निर्दोष निघाली होती. दारूचा कोठा तेवढा नंतर जोडायचा राहिला. बाबराने हे सारं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. फसलेल्या ओतकामाची इतकी जिवंत हकिकत क्वचितच सापडते.

त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी, १५४९ मध्ये, अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, तोंडाशी हत्ती चावणाऱ्या सिंहाचा जबडा. एवढा रस एका दमात ओतताना उस्तादासारखी फजिती कशी झाली नाही? उत्तराचा धागा धातूत असावा. एका जुन्या पृथक्करणात तिच्यात तांबं ८० टक्के आणि कथील जवळजवळ २० टक्के निघालं. युरोपातल्या तोफांत कथील दहाच्या घरात असे. वीस टक्के म्हणजे घंटेचं कांसं, टाळाच्या गोत्रातलं. कथील वाढलं की मिश्रण कमी उष्णतेला वितळतं, पातळ वाहतं, लवकर गोठत नाही. साचा भरण्याच्या दृष्टीने हे सोन्याहून पिवळं. पण असा धातू ठिसूळ असतो आणि रूमीने त्याचं उट्टं जाडीत काढलेलं दिसतं: सुमारे दीड मीटर व्यासाच्या तोफेत नळी जेमतेम सत्तर सेंटिमीटरची, बाकी सगळी भिंतच. तोफेवर टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते असं, ती आज आहे त्या विजापुरात सांगतात. धातू बघता ते खोटं वाटत नाही.

ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. पुण्यावर गाढवांचा नांगर फिरवणारा तो हाच. तिची जोडीदार कडक बिजली वाटेत नदीत बुडाली असं सांगतात. विजापुरातच उपली बुरुजावरची लांबचरी तोफ आहे, लोखंडी पट्ट्या जुळवून वर कडी ठोकलेली, तीस फुटांची. तिथे ओतण्याचा प्रश्नच नाही, सांध्यांचा मात्र आहे.

महादजी शिंद्यांच्या कारखान्यांनी पुढे दोन्ही मार्ग एकत्र केले. १८०३ च्या लढाईत दिल्लीजवळ इंग्रजांच्या हाती लागलेल्या काही तोफांत आत लोखंडी नळी आणि तिच्यावर ओतलेलं पितळ होतं. गोळ्याचा घसारा लोखंडाने सोसायचा, स्फोटाचा ताण पितळाने.

आज कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत याच रोगांची नावं ब्लो होल, कोल्ड शट, मिसरन, श्रिंकेज अशी घेतली जातात. रस कुठे गोठेल ते संगणक आधीच दाखवतो, क्ष-किरण पोटातलं दाखवतात. तरी मोल्डिंगच्या वाळूत ओल जास्त झाली की रिजेक्शन वाढतंच.

मलिक-ए-मैदान मात्र मोडीत निघता निघता वाचली. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव केला आणि बोली आली १५० रुपये. ५५ टन कांशाला हा भाव म्हणजे चेष्टाच. तिथल्या अधिकाऱ्याला शहाणपण सुचलं, त्याने व्यवहार रद्द केला, म्हणून ती अजून शेर्झा बुरुजावर आहे.