दुधातला चंद्र आणि बोटावरचा जंतू

गेल्या कोजागिरीची गोष्ट. गोकुळपेठेतल्या आमच्या गच्चीवर शेजारीपाजारी जमायचे होते. सकाळीच दहा लिटर दूध तापवून ठेवले आणि त्यावरची साय मी माझ्या हाताने काढली. बोटाला एक पिकलेली जखम होती. पण तिकडे कोण बघतो! आश्विनातल्या उकाड्यात ते दूध आठ तास तसेच राहिले. "पुन्हा उकळलं की सगळं मरतं," असे ठणकावून रात्री मीच ते आटवायला लावले. केशर पडले, चंद्र दुधात उतरला आणि दोन-तीन तासांतच घरोघरी ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजारच्या चार वर्षांच्या चिमुरडीला तर सलाइन लावावे लागले. वाचकहो, तिच्या उशाशी बसताना मला मान वर करवत नव्हती.

"काकाजी, जंतू मेले असतील, पण त्यांचं विष नाही मरत," सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारा पुतण्या म्हणाला. जखमेत राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूचे विष उकळूनही टिकते. अर्ध्या तासात एकाचे दोन होत गेले, तर आठ तासांत एकाचे पासष्ट हजार होतात!

"मग आधी कळायचं कसं?"

प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला एक-दोन दिवस जातात. तोवर दूध पोटात. दूधवाल्यांची जुनी युक्ती मिथिलीन ब्लूची. दुधात हा निळा रंग घालून ते कोमट ठेवायचे. अर्ध्या तासात रंग उडाला तर दूध वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. इथे साक्ष देतो तो खुद्द जंतूच! १९८२ साली ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी पाण्यासाठी अशीच कागदी पट्टी काढली. मैल्याचे जंतू असले की ती काळी पडते.

आता याच्या पुढची पायरी आहे. १९११ साली इंग्लंडातल्या पॉटर यांनी जंतूंपासून वीज निर्माण होते हे दाखवले. आजचे संशोधक वीजघट आणि जंतुशोधक एकत्र बांधतात. एका पट्टीवरचे विकर साखरेचे विघटन करते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या पट्टीकडे धावतात. पट्टीवर ठराविक जंतूलाच पकडणारे प्रतिद्रव्य चिकटवलेले असते. जंतू अडकले की वाट बुजते आणि प्रवाह घटतो. ती घट मोजायची. ना सेल, ना घरची वीज! भारनियमनाच्या गावातल्या दूधसंकलन केंद्राला याहून काय हवे? पण दुधातली चरबी आणि प्रथिनेही पट्टीला चिकटून तिला फसवतात. म्हणून हे यंत्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

यंदाच्या कोजागिरीला दूध तापले, लगेच आटवले आणि गरमच वाटले. मी पळी उचलली, तोच ती चिमुरडी पुढे आली.

"आजोबा, आधी बोटं दाखवा!"

मी दहाही बोटे दाखवली. तोवर तिने पेला पुढे केला नाही.