शत्रूंना संतपद देणारे पंचांग

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये घरोघरी खपणारे छापील पुस्तक म्हणजे ‘ऑल्मनॅक’, अर्थात तारीख-वार, संतांचे दिवस, ग्रहणे, जत्रा आणि हवामानाची भाकिते एकत्र देणारे वार्षिक पंचांग होय. 1660 च्या दशकात अशा पंचांगांच्या वर्षाकाठी सुमारे चार लाख प्रती विकल्या जात. त्याच दशकात ‘पुअर रॉबिन’ हे थट्टेखोर पंचांग निघू लागले आणि ते विल्यम विन्स्टन्ली या राजनिष्ठ लेखकाचे असावे, असे सामान्यतः मानले जाते.

‘पुअर रॉबिन’च्या 1664 च्या आवृत्तीत दुहेरी दिनदर्शिका होती. एक नेहमीची, ज्युलियन पद्धतीची. दुसरी ‘राऊंडहेड’ मंडळींची, म्हणजे यादवी युद्धात राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूने लढलेल्या आणि आखूड केसांमुळे हे नाव चिकटलेल्या लोकांची, आणि तिच्यात त्यांच्याच नावाने ‘संतांचे दिवस’ नेमून दिलेले होते. यातली खोच अशी की, या पक्षातील कडवे सुधारक, म्हणजे प्युरिटन, संतांचे दिवस पाळणे हे रोमच्या धर्माचे उरलेले खूळ समजत, आणि पार्लमेंटने 1647 मध्ये नाताळसुद्धा रद्द केला होता. ज्यांनी दिनदर्शिकेतून संतांना हुसकले, त्यांनाच तिच्यात संत म्हणून बसवणे हे उघड शिवीपेक्षा कितीतरी अधिक झोंबणारे होते.

अर्थात दिनदर्शिकेत राजकारण घुसवण्याचे श्रेय (किंवा अपश्रेय) रॉबिनला देता येत नाही. 30 जानेवारी 1649 रोजी शिरच्छेद झालेल्या राजा पहिल्या चार्ल्सला राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर ‘हुतात्मा’ ठरवून त्या दिवशी उपवास व प्रार्थना सक्तीच्या करण्यात आल्या; 29 मे हा त्याच्या मुलाला राज्य परत मिळाल्याचा आणि 5 नोव्हेंबर हा राजासह पार्लमेंट उडवून देण्याचा 1605 चा बारुदीचा कट फसल्याचा दिवस म्हणून चर्चमध्ये पाळला जाई. 1661 च्या 30 जानेवारीला तर पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याचे पुरलेले प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. सरकारच्या या पंचांगनिष्ठ सूडापुढे रॉबिनची कुचेष्टा सौम्यच म्हणावी लागते.

यादवीच्या आठवणी बोथट झाल्या तरी हे पंचांग दीडशेहून अधिक वर्षे निघत राहिले, आणि 1732 मध्ये फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःचे ‘पुअर रिचर्ड’ काढले, त्याच्या नावातही रॉबिनचा ठसा दिसतो. राजाच्या हौतात्म्याचा अधिकृत प्रार्थनाविधी मात्र 1859 मध्ये रद्द झाला, तेव्हा रॉबिनही पडद्याआड गेलेला होता.