साथीची पहिली वर्दी

जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. 1930 च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात नाव कोरलेलं हे गाव. कोंबड्यांना मर लागणं अशा गावांना नवं नसतं. मानमोडी येते, खुराडी रिकामी होतात, लोक हळहळतात आणि कामाला लागतात. या वेळी मात्र मेलेल्या पक्ष्यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि निदान झालं ते बर्ड फ्लूचं. पशुसंवर्धन विभागाची पथकं गावात उतरली. अशा वेळी नियम ठरलेला असतो: लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारून पुरायचे, दहा किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणीखाली ठेवायचा.

बातमी दोन-चार दिवस चालली आणि विरली. नवी मुंबईकरांनी एखाद्या रविवारी चिकन टाळलं, इतकंच. पण चिरनेर काही दूरचा मुलूख नाही. त्याच तालुक्यात न्हावाशेव्याचं बंदर आहे, शेजारी नवा विमानतळ आहे, उत्तरेला ठाणे खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात आणि तुर्भे-वाशीच्या बाजार समितीत रोज देशभरातून ट्रक येतात. माणूस, माल, पाळीव जनावर आणि रानपाखरू एवढ्या दाटीनं एकत्र येतात अशी ठिकाणं महाराष्ट्रात थोडी. म्हणून चिरनेरच्या खुराड्यातली मर हा सगळ्या महानगराचा विषय आहे.

माणसाला नव्यानं होणारे बहुतेक संसर्गजन्य आजार मुळात प्राण्यांकडून येतात. विषाणू किंवा जिवाणू एखाद्या प्राण्यात मुरलेला असतो. गर्दी, व्यापार, जंगलतोड किंवा पूर यांतून त्याला दुसऱ्या प्राण्याचं आणि शेवटी माणसाचं अंग मिळतं. ही वाट एका रात्रीत चालून होत नाही. माणसं आजारी पडण्याआधी पुष्कळदा जनावरं मरतात. ती वर्दी ज्यानं वेळेवर ऐकली, त्याला साथीशी लढायला मोलाचे दिवस मिळतात.

मुंबईनं ही वर्दी एकदा ऐकली नाही आणि त्याची जबर किंमत मोजली. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे गोद्यांना लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. वखार म्हटली की उंदीर आलेच. माणसांच्या आधी उंदीर मरत होते, पण त्याचा अर्थ तेव्हा फारसा कुणाला लागला नाही. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं. तोवर मुंबई अर्धी ओस पडली होती, साथ पुण्याला पोचली होती आणि रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी 10 मार्च 1897 रोजी प्राण ठेवला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. विज्ञान धावलं, पण साथ पुढे निघून गेली होती.

त्या मांडवी-मशीद बंदर भागातला धान्याचा आणि मसाल्याचा घाऊक व्यापार पुढे खाडी ओलांडून नवी मुंबईत आला. आज तो बाजार समितीच्या आवारात चालतो आणि धान्यामागून उंदीरही येतातच. आता भीती प्लेगची कमी, लेप्टोची जास्त. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून बाहेर पडतात, पावसाच्या तुंबलेल्या पाण्यात टिकतात आणि पायावरच्या भेगेतून किंवा जखमेतून माणसाच्या अंगात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या तापानं अनेकांचे बळी घेतले. तेव्हापासून पावसाळ्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: पाण्यातून चालत आलात का? हा प्रश्न विचारला गेला आणि औषध लवकर सुरू झालं तर लेप्टो साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात येतात. माथाडी, सफाई कामगार, गोठ्यात राबणारी माणसं यांना हा धोका सर्वांत आधी भिडतो, आणि अंगावर ताप काढण्याची पाळीही बहुधा त्यांच्यावरच येते.

बर्ड फ्लूची गोष्ट थोडी वेगळी आहे. इन्फ्लूएंझाचे हे विषाणू मुळात पाणपक्ष्यांचे, विशेषतः बदकांचे. त्यांच्या आतड्यात ते फारसा त्रास न देता राहतात आणि विष्ठेतून पाण्यात उतरतात. कोंबडीत शिरले की त्यांचं रूप पालटतं. एच5एन1 या प्रकारानं 1997 मध्ये हाँगकाँगमध्ये 18 माणसांना गाठलं, त्यातली 6 दगावली. 2003 पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना त्याची लागण नोंदली गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी वाचली नाहीत. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला.

मग एवढा जहाल विषाणू माणसांत वणव्यासारखा का पसरत नाही? पेशीत शिरायला विषाणूला पेशीवरचा ठरावीक रेणू पकडावा लागतो. पक्ष्यांच्या विषाणूला लागणारे रेणू माणसाच्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असतात. त्यामुळे लागण अवघड, पण झाली तर थेट फुप्फुसावर घाला. खोकल्याशिंकांतून दुसऱ्याला देणंही त्याला जमत नाही. ही अडचण दूर करणारे बदल त्याच्यात घडले तर काय, या एका प्रश्नासाठी जगभर पाळत ठेवली जाते. प्रत्येक नवा प्राणी ही त्याला बदलण्याची आणखी एक संधी. 2024 मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गाईंत शिरला. आपल्याकडे नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांच्यात तोच सापडल्याचं जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालं. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पटापट पडले. चिरनेरही त्याच महिन्यातलं. उदगीर, नागपूर, उरण ही नावं शेजारीशेजारी ठेवली की चित्र दिसतं. सुटी ठेवली तर त्या तीन किरकोळ बातम्या राहतात.

अशा वेळी पाहुण्या पक्ष्यांवर खापर फोडणं सोपं असतं. पण पिल्लांची ने-आण, न धुतलेले पिंजरे, अंड्यांचे ट्रे, गाड्यांची चाकं हेही रोगाचे वाहकच आहेत. खाडीकाठच्या पाणथळ जागा बुजत गेल्या तर पक्षी उरलेल्या तळ्यांवर दाटी करतात आणि गावच्या कोंबड्या-बदकांच्या जवळ येतात. उरणचं पाणजे, नेरूळचं तळं ही पाणथळं राखणं हा म्हणून आरोग्याचाही प्रश्न आहे.

पक्षी आणि रोग यांच्या नात्याचा शोध मुंबईत फार पूर्वी सुरू झाला. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, गोचिडांतून पसरणारा नवा विषाणू शोधला. तसलाच एक विषाणू रशियात होता. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला असेल का, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी 1959 मध्ये पक्ष्यांच्या पायात वाळी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. हलक्या धातूचं इवलंसं वाळं, त्यावर एक क्रमांक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा एवढाच मजकूर. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही, पण पाखरांच्या वाटा कळल्या. सोसायटीनं 2022 मध्ये ठाणे खाडीतल्या रोहितांवर त्यांचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली, ती याच कामाची पुढची पायरी.

क्यासनूरचा तो माकडताप 2016 पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि बांदा परिसराला छळतो आहे. काजूच्या हंगामात माणसं रानात जातात, नेमका तेव्हाच तो जोर धरतो. तिथं रानात मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खात्याला कळवायचं, त्याच्या जवळ जायचं नाही, हे लोकांच्या अंगवळणी पडत गेलं. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचीड उतरतात आणि नवं अंग शोधतात, हे त्यांनी अनुभवातून जाणलं. खाडीकाठच्या शहरानं सिंधुदुर्गाकडून हेच शिकायचं आहे.

कारण वर्दी देणारा माणूस हा सगळ्या यंत्रणेचा पाया आहे, आणि आज त्याला वर्दी देणं परवडत नाही. सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगानं आधीच मेलेल्यांची मिळत नाही. करावे, दिवाळे, सारसोळे अशा गावठाणांत किंवा उरणच्या पाड्यांवर पाच-दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईचं गणित सरळ आहे: कळवलं तर उरलेल्याही जाणार, त्यापेक्षा मर वाढायच्या आत विकलेल्या बऱ्या. आजारी कोंबडी अशी आठवडी बाजारात पोचते. गावठी कोंबडीचा बाजारभाव धरून भरपाई द्या, ती आठवड्याभरात हातात पडू द्या, मग बघा पहिला फोन किती लवकर येतो. पशुसंवर्धन विभागाची 1962 ही मदतवाहिनी आहेच. तिच्यावर विश्वास बसायला हवा.

दुसरी गोष्ट सरकारी कप्प्यांची. माणसांच्या तापाची नोंद आरोग्य खात्याकडे, कोंबडीची पशुसंवर्धनाकडे, रोहितांची वन विभागाकडे. त्यात नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात, पनवेल महापालिका आणि उरण रायगडात. विषाणूला या हद्दी ठाऊक नाहीत. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकच, हा विचार आता सरकारनंही मान्य केला आहे. राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची नागपूरला डिसेंबर 2022 मध्ये पायाभरणीही झाली. पण त्याची खरी कसोटी तालुक्यात लागेल. उरणचा पशुवैद्यक, नेरूळच्या रुग्णालयातला डॉक्टर, खाडीवरचा वनरक्षक आणि पक्षीनिरीक्षक यांनी आठवड्यातून एकदा आपापल्या नोंदी एकत्र पाहाव्यात. त्याला इमारत लागत नाही.

घरच्या घरी करण्यासारखंही बरंच आहे. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नये. 70 अंशांवर बर्ड फ्लूचा विषाणू मरतो, त्यामुळे नीट शिजलेल्या रश्श्याला घाबरायचं कारण नाही. जपायचं ते कच्चं मांस हाताळताना, कोंबडी कापताना आणि सोलताना. कुत्र्याला रेबीजसोबत लेप्टोचीही लस टोचून घ्यावी. आणि ताप आला तर डॉक्टरांना आपला धंदा आणि आपली जनावरं यांबद्दल आपणहून सांगावं.

नवी साथ येणार की नाही, हे आपल्या हातात नाही. ती आली तर पहिल्या दिवशी कळते की तिसाव्या, हे मात्र पुरतं आपल्या हातात आहे. त्यासाठी लागणारं ज्ञान आपल्याकडे आहे, प्रयोगशाळा आहेत, नियमही आहेत. वर्दी देणाऱ्याला शिक्षा वाटणार नाही अशी व्यवस्था तेवढी उभारायची राहिली आहे. पुढची मर येण्याआधी ती उभी करा, अशी मागणी महापालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे आपण नागरिकांनीच लावून धरली पाहिजे.