दूरचित्रवाणी मालिकांतील किशोर : साचा आणि भाषा

'साचा' हा शब्द आपल्याला गणपतीच्या कारखान्यातून परिचित आहे. एका साच्यातून निघालेल्या सर्व मूर्तींची सोंड एकाच बाजूला वळते. इंग्रजीतील 'स्टिरिओटाइप' ही संज्ञाही कारागिरीतूनच आली. मुद्रणासाठी संपूर्ण पृष्ठाचा जो एकसंध धातूचा ठसा ओतला जाई, त्याचे ते नाव. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये मनातील ठरीव चित्रांसाठी ही संज्ञा वापरली. मराठीत आपण तिला 'साचेबंद प्रतिमा' म्हणू.

किशोरवयाचा साचा दूरचित्रवाणीच्या आधीपासून भाषेत होताच. 'गद्धेपंचविशी' या एका शब्दाने सोळा ते पंचवीस या वयाची अख्खी वर्षे अविचाराच्या खात्यात जमा केली आहेत. दैनंदिन मालिकेने हा वारसा उचलला. दार आपटून खोलीत जाणारा मुलगा, जाड चष्म्यातला पहिला नंबर, 'वाया गेलेली' मुलगी आणि तिच्या शेजारी उभी केलेली समंजस मुलगी यांना आपण नावाशिवायही ओळखतो. याला केवळ लेखकाचा आळस कारणीभूत नाही. कथा बहुधा आईची किंवा सुनेची असते आणि मुलाचे काम तिला संकटात टाकण्यापुरते असते. भाजी निवडता निवडता मालिका ऐकणाऱ्या प्रेक्षकाला पात्र तत्काळ ओळखू यावे लागते. 'हिप हिप हुर्रे' (१९९८) या हिंदी मालिकेत शाळकरी मुलेच केंद्रस्थानी होती. साहजिकच तेथे मुलांचे अनेक प्रकार दिसले.

भाषेच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी जाणवतात. पहिली, मालिकेतील किशोर सर्वांशी एकाच भाषेत बोलतो. 'यार', 'चिल', 'बोअर' असे चार शब्द पेरले की संवाद 'तरुण' झाला, अशी समजूत दिसते. प्रत्यक्षात तोच मुलगा आजीशी, शिक्षकांशी आणि मित्रांशी तीन वेगळ्या बोली वापरतो. हे भाषिक कौशल्य मालिका त्याच्याकडून काढून घेते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'तो ऐकत नाही', 'तिचं लक्ष नाही' अशा वाक्यांत किशोर सतत तृतीयपुरुषी राहतो. त्याच्याविषयी बोलले जाते. 'मी' म्हणण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते.

२०२५ मधील 'अ‍ॅडोलसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तेरा वर्षांच्या जेमीवर सहाध्यायी मुलीच्या खुनाचा आरोप आहे. समाजमाध्यमावरील तिच्या चिन्हांकित प्रतिक्रिया तपास अधिकाऱ्याला मैत्रीच्या वाटतात. त्यांत जेमीची टिंगल आहे, हे त्याला त्याचा स्वतःचा मुलगा समजावतो. म्हणजे बोली मुलांची आणि निरक्षर ठरलेला प्रौढ! (घरात किशोरवयीन अपत्य असलेल्यांना हा प्रसंग नवा वाटू नये.) ही मालिका ब्रिटनमधील माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध करून दिली गेली. मात्र येथेही सावध राहावे लागते. 'खोलीत मोबाइल घेऊन बसलेला अबोल मुलगा म्हणजे धोका' असा नवा साचा अशा चांगल्या कलाकृतीतूनही ओतला जाऊ शकतो, आणि मग घरातल्या अबोल मुलाशी बोलण्याऐवजी आपण त्याच्यावर पहारा ठेवू लागतो.

करून पाहा : आपण नियमित पाहत असलेल्या मालिकेचा एक भाग निवडा. त्यातील किशोरवयीन पात्राची वाक्ये आणि त्याच्याविषयी इतरांनी उच्चारलेली वाक्ये दोन रकान्यांत उतरवा. नंतर हीच नोंद स्वतःच्या घरातील एका संध्याकाळच्या संभाषणाची करा.