भरलेल्या फॉर्मातून तक्त्याकडे : पीडीएफमधली माहिती बाहेर कशी काढायची

आजचा विषय नवी मुंबईतल्या श्रोत्यांना घरचाच वाटेल. वाशी-नेरूळमधल्या सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींमध्ये पुनर्विकासाची बोलणी चालू असतात, आणि पुनर्विकास म्हटला की विटांच्या आधी फॉर्म येतात. सभासदाचं नाव, फ्लॅट नंबर, नॉमिनी, घर रिकामं केल्यावर जे भाडं मिळणार त्यासाठी बँक खातं. हल्ली सेक्रेटरी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात, लोक ती भरून परत करतात. मग कमिटीसमोर शंभर-सव्वाशे फायली पडतात आणि कुणीतरी म्हणतं, "आता हे सगळं एका तक्त्यात घ्या."

आम्ही अशाच एका सोसायटीला मदत करायला गेलो होतो. कमिटीतले एक काका एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला स्प्रेडशीट उघडून एकेक आकडा टाइप करत बसले होते. तीन संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. यादी पुढे पाठवण्याआधी आम्ही सहज पडताळून पाहिली, तर एका आजींच्या सोळा आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य झालेला. काकांनी बरोबरच टाइप केलं होतं! झालं असं, की स्प्रेडशीट खाते क्रमांकाला संख्या समजते आणि संख्येचे पहिले १५ आकडेच नेमके सांभाळते. सोळाव्याच्या जागी शून्य येतं, तेही न सांगता. आजींचं भाडं भलतीकडे जायचं किंवा परत फिरायचं.

ह्या प्रसंगाकडे आपण पुन्हा येऊ. आधी मुळाशी जाऊ या. काका डोळ्यांनी वाचून टाइप करत होते, कारण त्यांच्या दृष्टीने पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. भरता येणारी पीडीएफ तशी नसते. १९९६ साली, पीडीएफच्या १.२ आवृत्तीत, फॉर्मचे रकाने आले. प्रत्येक रकान्याला आतून एक नाव असतं आणि त्या नावासमोर एक किंमत. पानावर जे दिसतं ते वेगळं साठवलेलं असतं, ते ह्या किमतीचं नुसतं चित्र. म्हणजे आपल्याला हवी ती माहिती नाव-किंमत अशा जोड्यांत आयती मांडून ठेवलेली आहे. पान वाचायची गरजच नाही, जोड्या उचलायच्या.

उचलायच्या कशा? ॲक्रोबॅटची विकतची आवृत्ती असेल तर अनेक भरलेल्या फॉर्मांची माहिती एकाच तक्त्यात एकत्र करण्याची सोय त्यातच आहे. पैसे खर्च करायचे नसतील तर पीडीएफटीके नावाचं मोफत साधन आहे, ते एका फायलीतले सगळे रकाने ओळीने ओतून देतं. त्याची यूटीएफ-८ वाली आज्ञाच वापरा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी आकडी संकेत मिळतील. आणि घरात कुणी पायथन शिकत असेल तर पायपीडीएफ ही लायब्ररी घ्या. फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडायची, रकाने वाचायचे, एक ओळ लिहायची. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम, काकांच्या तीन संध्याकाळींचं काम मिनिटभरात.

पण सगळ्या फायली अशा शहाण्या नसतात. कुणी फॉर्म भरून "प्रिंट टू पीडीएफ" केलेलं असतं, त्यात रकाने मरतात, चित्र उरतं. कुणी मोबाइलवर रकान्यात न लिहिता वरून टिपण चिकटवलेलं असतं. दिसायला फॉर्म भरलेला, आतून सगळे रकाने रिकामे. म्हणून पहिली चाळणी ही, की ज्या फायलीतून एकही किंमत आली नाही ती बाजूला काढायची आणि त्या सभासदाला फोन करायचा. तिसरी जात सीए मंडळींच्या ओळखीची. कंपनी व्यवहार मंत्रालयाचे एमसीए-२१चे जुने फॉर्म आठवा, जे ॲक्रोबॅटशिवाय उघडले की "प्लीज वेट" एवढंच दाखवायचे. ते एक्सएफए पद्धतीचे. त्यांची माहिती वेगळ्या एक्सएमएलमध्ये असते, साधी साधनं तिथे थकतात. २०१७च्या आयएसओ मानकाने ती पद्धत कालबाह्य ठरवली, तेव्हा नवा फॉर्म त्यात करू नका.

फॉर्म आपणच करणार असू तर रकान्यांची नावं नीट द्या. "टेक्स्ट १, टेक्स्ट २" अशी आपोआप पडलेली नावं ठेवली तर तक्त्याचे मथळेही तेच येतील. आणि एक खोड लक्षात ठेवा, एकाच नावाचे दोन रकाने एकच किंमत दाखवतात. पहिल्या नॉमिनीचा रकाना कॉपी करून दुसऱ्यासाठी चिकटवला आणि नाव बदललं नाही, की मुलगा आणि मुलगी दोघांच्या जागी एकच नाव!

आता मराठी. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर कुणी चिकटवला तर आत मराठी नसतंच. कृतिदेव ०१० मध्ये "नाव" हा शब्द म्हणजे यू, के, ओ ही तीन इंग्रजी अक्षरं. युनिकोड असलं तरी पेच संपत नाहीत. "कुऱ्हाडे" हे आडनाव कुणाच्या कीबोर्डवर ऱ ह्या स्वतंत्र अक्षराने लिहिलं जातं, तर कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह ह्यांनी. दिसायला सारखंच, संगणकाला मात्र दोन कुटुंबं. त्यामुळे जुळवाजुळव नावावर करायची नाही, फ्लॅट नंबरवर करायची. नावाचं एकच रूप करून घ्यायचं काम त्याच प्रोग्रॅममध्ये टाका.

हे सगळं सीएसव्ही फायलीत उतरलं की लोक हौसेने त्यावर डबल क्लिक करतात, आणि तिथेच घात होतो. खाते क्रमांकांचा घोळ, सुरुवातीची शून्यं गायब, आणि यूटीएफ-८ची खूण नसेल तर नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ. फाइल थेट उघडू नका. रिकामी शीट घ्या, डेटा मेनूतून फाइल आत आणा आणि खाते, मोबाइल, पिनकोड हे रकाने "मजकूर" म्हणून ठरवा. ह्या आकड्यांची आपण कधी बेरीज करतो का? मग त्या संख्या नव्हेत.

पडताळणीत आयएफएससी कोड फार उपयोगी पडतो. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य. लोक तिथे हमखास इंग्रजी ओ लिहितात. एका ओळीची तपासणी, तेवढ्याने परतणारे कितीतरी हप्ते वाचतात.

शेवटी एक प्रश्न आला आहे, की तक्ता पुरे का डेटाबेस हवा? शंभर घरं असतील तर तक्ता पुरतो. पण एका फ्लॅटला दोन सहसभासद आणि तीन नॉमिनी असले की "नॉमिनी १, नॉमिनी २" असे मथळे वाढत जातात. तेव्हा दोन तक्ते करा, एकात फ्लॅट आणि दुसऱ्यात माणसं, मध्ये दुवा फ्लॅट नंबरचा. एसक्यूलाइट त्याला पुरेसं आहे, तेही मोफत. आणि मूळ पीडीएफ पुसू नका. आजींचा खाते क्रमांक आम्हाला तिथूनच परत मिळाला.