रागाच्या भरातलं जेवण

न्यूयॉर्कच्या टॉमने लहानपणी उकळतं सूप घाईघाईत गिळलं आणि त्याची अन्ननलिका कायमची निकामी झाली. डॉक्टरांनी पोटाला बाहेरून छिद्र पाडून थेट जठरात वाट काढून दिली. पुढे आयुष्यभर तो घास तोंडात नीट चावायचा आणि मग नळीवाटे पोटात सोडायचा. न चावता अन्न आत ढकललं तर पोट भरायचं, पण जेवल्याचं समाधान मिळायचं नाही.

स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांनी टॉमला आपल्या प्रयोगशाळेत काम दिलं आणि त्या छिद्रातून त्याच्या जठराचं निरीक्षण केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1943 मध्ये आलं. एकदा काही कागद सापडेनात म्हणून एक डॉक्टर चिडून कप्पे उपसू लागला. आवराआवरीचं काम टॉमकडे होतं. तो घाबरला आणि त्याच्या जठराचं अस्तर पांढरंफटक पडलं. कागद सापडले, डॉक्टर निघून गेला, तसा रंग परतला. दुसऱ्या वेळी कामावरून कुणी त्याला नको ते बोललं, तेव्हा तो आतून संतापला. त्या वेळी अस्तर लालबुंद झालं आणि आम्लही वाढलं. भीती आणि राग यांचे रंग डॉक्टरांना पोटात दिसले, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात हेच निराळ्या वाटेने आलं आहे. अन्न पथ्याचं असो, बेताचं असो. चिंता, शोक, भय, क्रोध किंवा जागरण असेल तर ते पचत नाही, असं तिथे सांगितलं आहे.

भीतीने अन्न न पचण्यामागचं कारण सरळ आहे. धोका जाणवला की शरीर रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवतं, लाळ आटते, जठराची हालचाल मंदावते. म्हणून परीक्षेच्या सकाळी मुलाला पोहे जात नाहीत. पण ताण महिनोन्‌महिने चालला, तर उलटंही घडतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि अनेकांना गोड, तळलेलं खावंसं वाटतं. रात्री अकराला लॅपटॉपसमोर फरसाणाचं पाकीट संपवणाऱ्याला नुसतं ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणं अन्यायाचं आहे.

आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात प्रथिनं, तंतू, कॅलरी सगळं असतं. पण घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने, गार झालेली पोळी आणि पातेल्यात उरलेली आमटी खाणाऱ्या बाईचा रकाना त्यात नसतो. ती काय खाते, याइतकंच ती कधी, कुणासोबत आणि कोणत्या मनाने खाते, हेही विचारायला हवं. समग्र आहार म्हणायचं आणि हे विचारायचं नाही, तर तो शब्द वापरूच नये.

आणि उलट, आहाराचा मनावर परिणाम होतो का? होतो. ऑस्ट्रेलियातल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्या 67 जणांपैकी काहींना 12 आठवडे डाळी, भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार घ्यायला मदत केली. उरलेल्यांना तेवढाच वेळ नुसती सोबत दिली. आहाराच्या गटातले साधारण एकतृतीयांश नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटात हे प्रमाण 8 टक्के होतं. अभ्यास लहान होता आणि बहुतेकांचे नेहमीचे उपचारही सुरू होते, हे मात्र विसरू नये.

म्हणूनच ‘अमुक फळ खा, सेरोटोनिन वाढेल, दुःख पळेल’ असले संदेश पुढे पाठवू नका. शरीरातलं 90 टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते तिथून मेंदूत शिरत नाही.

घरात करण्यासारखं मात्र बरंच आहे. मुलांच्या गुणांची, पैशांची, लग्नाच्या स्थळांची चौकशी ताटावर काढू नका. ओट्यापाशी उभ्याने जेवणाऱ्या त्या बाईचं पान सगळ्यांबरोबर मांडा. आणि कुणाची भूक, झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आहाराचा तक्ता नव्हे, डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.