रानपिंगळा

रानपिंगळा हे मध्य भारतातील पानझडी जंगलांत राहणारे लहान आकाराचे घुबड आहे. याचे शास्त्रीय नाव अथेने ब्लेविटी असे असून जुन्या ग्रंथांत ते हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी या नावाने आढळते. १८८४ नंतर ११३ वर्षे या पक्ष्याची एकही खात्रीलायक नोंद झाली नव्हती. तो नामशेष झाला असावा असे मानले जात असतानाच १९९७ मध्ये महाराष्ट्रात शहाद्याजवळ तो पुन्हा आढळला.

पहिली नोंद

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना फुलझर परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला. हा भाग आज छत्तीसगडमध्ये असला, तरी त्या काळी तो नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत असे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व ब्लेविट यांच्या सन्मानार्थ त्यास नाव दिले. पुढे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. एकोणिसाव्या शतकात या पक्ष्याचे अवघे सात नमुने जमा झाले. त्यांपैकी शेवटचा १८८४ मधील असून तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून मिळवला होता.

खोटा नमुना

रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. ही नोंद दीर्घकाळ खरी मानली गेली. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा माइनर्ट्झहागेनचा नमुना मुळात डेव्हिडसन यांचा असल्याचे सिद्ध झाले. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून व नवी चिठ्ठी लावून सादर केलेला होता. सलीम अली व एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्या नामवंतांनीही पूर्वी या पक्ष्याचा शोध घेतला होता. परंतु त्यांना यश आले नव्हते. छायाचित्राच्या आधारे केलेला एक दावाही पुढे साध्या पिंगळ्याचा ठरला.

पुनर्शोध

खोटी नोंद बाजूला सारल्यावर जुन्या विश्वसनीय नमुन्यांची ठिकाणे तेवढी शिल्लक राहिली. त्या ठिकाणांच्या आधारे पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी १९९७ मध्ये शोधमोहीम आखली. पूर्वेकडील ठिकाणी काही हाती न लागल्याने ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. त्याचे चित्रीकरण करण्यात आले. त्यानंतर झालेल्या सर्वेक्षणांत तो नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा व तोरणमाळ, विदर्भातील मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार या भागांत आढळला. २०१४ मध्ये मुंबईच्या उत्तरेस असलेल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

ओळख

नागपूरसारख्या शहरांतील बागांमध्ये, जुन्या झाडांच्या ढोलीत किंवा पडक्या इमारतीत दिसणारे लहान घुबड बहुधा साधा पिंगळा असते. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके करडे-तपकिरी असून त्यावरील ठिपके अगदी फिकट असतात. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी रंग दाट असतो, तर पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा दिसतो. पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. त्याची लांबी सुमारे २३ सेंमी असते आणि शरीराच्या मानाने डोके व चोच मोठी वाटते. पिंगळा मुख्यतः संध्याकाळी व रात्री वावरतो. रानपिंगळा मात्र दिवसाउजेडी शिकार करतो. असे असले तरी पिंगळाही कधीकधी दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसलेला दिसतो. त्यामुळे केवळ वेळेवरून ओळख निश्चित होत नाही. डोके, पोट व शेपटी या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

अधिवास व जीवनक्रम

साग असलेल्या, फारशा दाट नसलेल्या पानझडी जंगलात रानपिंगळा राहतो. सरडे, उंदीर, कीटक व लहान पक्षी हे त्याचे खाद्य होय. तो उघड्या फांदीवर बसून भक्ष्यावर लक्ष ठेवतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्याची वीण होते. मादी झाडाच्या नैसर्गिक ढोलीत बहुधा दोन अंडी घालते. ढोल्या जुन्या झाडांतच तयार होत असल्यामुळे अशी झाडे तुटली की घरट्याची जागाही नाहीशी होते.

लोकसमजुती

पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही मराठीत पिंगळा म्हणतात. घुबड दिसणे किंवा त्याचा आवाज ऐकू येणे अशुभ मानण्याची समजूत अनेक ठिकाणी आढळते, तर दुसरीकडे घुबड हे लक्ष्मीचे वाहनही मानले जाते. जादूटोण्यासाठी घुबडे मारण्याचे प्रकार घडतात व त्याची झळ या दुर्मिळ पक्ष्यालाही पोहोचते.

संवर्धन

शेतीसाठी होणारी जंगलतोड, जुन्या झाडांची तोड आणि वणवे हे या पक्ष्यापुढील प्रमुख धोके आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यास पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ गटात ठेवले होते. नवी ठिकाणे उजेडात आल्यानंतर २०१८ मध्ये त्याचा समावेश ‘संकटग्रस्त’ गटात करण्यात आला. प्रौढ पक्ष्यांची संख्या एक हजारापेक्षा कमी असावी असा अंदाज आहे.